सतरा आठे

परवा दुपारी आहेराची पाकिटं घ्यायला गेलो होतो, जरा नक्षीबिक्षीवाली होती, सतराला एक, आठ घेतली आणि काउंटरवरची मुलगी कॅल्क्युलेटर पुढे ओढेपर्यंत मी "एकशे सेहेचाळीस" म्हणून मोकळा. तिनं बटणं दाबली, माझ्याकडे बघितलं. "काका, एकशे छत्तीस. दहा जास्तीचे का देताय?"

आता पन्नाशी उलटल्यावर सतरा आठे चुकणं काही बरं दिसत नाही. पण खरं सांगायचं तर मी आत्ता चुकलोच नाही, मी दुसरीत असताना चुकलोय, तेच अजून चालू आहे.

दिवेलागणीला शुभंकरोति झालं की परवचा. आजोबा झोपाळ्यावर, आम्ही चार भावंडं खाली सतरंजीवर, आणि झोपाळ्याच्या कड्या कुरकुरायच्या त्या ठेक्यावर पाढे चालायचे. सतरा साते एकोणिसासे इथपर्यंत गाडी नीट आली आणि मी मोठ्या आवाजात म्हणालो, सतरा आठे सेहेचाळीसासे! झोपाळा थांबला. आजोबा कधी हसायचे नाहीत, त्या दिवशी इतके हसले की उपरण्यानं डोळे पुसावे लागले त्यांना. मग शिक्षा, अकरा वेळा बरोबर म्हण. अकराही वेळा आधी तोंडातून सेहेचाळीसासे, मग जीभ चावायची, मग छत्तीसासे. चुलतबहीण अजूनही फोनवर "काय रे सेहेचाळीसासे" अशीच सुरुवात करते.

डोनाल्ड हेब नावाच्या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञानं १९४९ साली मांडलं होतं की मेंदूतली एक पेशी दुसरीला चेतवायला पुन्हा पुन्हा हातभार लावत राहिली की त्या दोघींमधली वाट रुळते. पुढे १९६६ मध्ये ऑस्लोत तेरये लोमो यांनी सशाच्या मेंदूत, आठवणींशी संबंध असलेल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात, विजेचे भराभर झटके थोडा वेळ दिले, तर नंतर साध्या एका झटक्यालाही पलीकडच्या पेशी आधीपेक्षा जोरात उत्तर द्यायला लागल्या, आणि ते तासन्‌तास टिकलं. टिम ब्लिस आणि लोमो यांचा त्यावरचा पेपर आला १९७३ला. आत काय होतं, तर अलीकडच्या पेशीतून ग्लुटामेट नावाचं रसायन सुटतं आणि ते झेलणारे रिसेप्टर पलीकडे वाढतात, पंगतीला माणसं जास्त दिसली की पानं वाढवतात ना, तसं. पंगतीला कोण बसलंय, खरं का खोटं, ते कोण विचारतो. अकरा वेळा सेहेचाळीसासे येऊन बसलं, त्याचं पान मांडलं गेलं. आणि छत्तीसासे कायम त्याच्या पाठीमागून, हात धरून.

२०१९ला बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून तो, एकवीस, बत्तीसऐवजी 'वीस एक, तीस दोन' म्हणायचा, वाद पेटला होता तेव्हा घरात सगळे मराठीचं काय होणार म्हणून तावातावानं बोलत होते, मी गप्प. 'तीस सहा' असतं तर मी वाचलो असतो असं मला अजूनही वाटतं. असो.

पाकिटाचे एकशे छत्तीसच दिले. घरी येताना आजोबांचा शेवटचा पावसाळा आठवला. तेव्हा ते कुणालाच ओळखत नव्हते, मला तर दूधवाला समजायचे, दुधात पाणी घालतोस म्हणून रागवायचे. एका संध्याकाळी दिवे गेलेले, बोलायला काही नाही, म्हणून मी उगीच त्यांच्या कॉटशी बसून म्हणायला लागलो, सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस. तेही पुटपुटायला लागले. सतरा साते एकोणिसासे. मी थांबलो.

"सतरा आठे," आजोबा म्हणाले, "सेहेचाळीसासे." आणि गोधडीच्या टोकानं डोळे पुसत हसत राहिले.