केग की जार? स्टारड्यू व्हॅलीत नेमकं काय कमी पडतं ते आधी बघा

स्टारड्यू व्हॅली हा शेती करायचा व्हिडिओ गेम. त्यात 'जास्त पैसे कशात?' असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: स्टारफ्रूट लावा, वाइन करा. उत्तर चूक नाही. पण पहिल्या वर्षाच्या समरमध्ये (गेममधला प्रत्येक ऋतू २८ दिवसांचा) हातात चार केग (वाइन, ज्यूस करायची पिंपं), पेटीत दोनशे ब्लूबेरी आणि कोळशाची बोंब असते, तेव्हा त्या उत्तराचा काडीचा उपयोग होत नाही. कुठल्या मशीनमध्ये काय टाकायचं हे मालाच्या भावावर कमी आणि आपल्याकडे काय अपुरं आहे यावर जास्त ठरतं. पीक कमी आहे, मशीन कमी आहेत की दिवसातला वेळ? खालचा सगळा हिशोब १.६ आवृत्तीचा आहे, मॉडशिवाय, म्हणजे खेळाडूंनी बनवलेले बदल न घालता. पैसे म्हणजे गेममधलं गोल्ड, आपण 'जी' म्हणू.

आधी सूत्रं. केगमध्ये फळ टाकलं की वाइन मिळते, किंमत फळाच्या मूळ भावाच्या तिप्पट. भाजी टाकली की ज्यूस, सव्वादोन पट. प्रिझर्व्ह जारमध्ये फळाची जेली होते आणि भाजीचं लोणचं. दोन्हींना मूळ भावाची दुप्पट अधिक ५०. इथे 'मूळ भाव' म्हणजे बिनचांदणीच्या मालाचा भाव (चांदणी ही दर्जाची खूण: रुपेरी, सोनेरी आणि सगळ्यात वर इरिडियम). सोनेरी चांदणीचं फळ टाकलं तरी वाइन तेवढ्याच किमतीची आणि साध्या दर्जाचीच निघते. म्हणून मशीनमध्ये नेहमी साधा माल आधी टाकायचा आणि चांदणीवाला तसाच विकायचा. घाईत हातात येईल तो ढीग केगवर रिकामा केला की सोनेरी फळाला मिळणारा दीडपट भाव फुकट जातो. हा तोटा स्क्रीनवर कुठेच दिसत नाही, म्हणून वर्षानुवर्षं होत राहतो.

आता वेळ. मशीनच्या दृष्टीने गेममधला एक दिवस १६०० मिनिटांचा असतो, रात्र धरून. वाइनला १०,००० मिनिटं लागतात, म्हणजे सव्वासहा दिवस. ज्यूसला ६०००. जारला जेली असो वा लोणचं, ४००० मिनिटं, म्हणजे अडीच दिवस. (अडीच दिवसांत मुरलेलं लोणचं कुठल्या आजीला पटणार नाही, पण गेममध्ये चालतं.) मशीन रोज सकाळीच उघडायची सवय असेल तर व्यवहारात केगचा फेरा सात दिवसांचा आणि जारचा तीन दिवसांचा.

ब्लूबेरीचा मूळ भाव ५०. वाइन १५०, जेलीही १५०. मग ब्लूबेरी केगमध्ये घालायचं कारणच उरत नाही. क्रॅनबेरी ७५ ची: वाइन २२५, जेली २००. वरवर वाइन पुढे दिसते. आता एक जार आणि एक केग २८ दिवस शेजारी शेजारी चालवा. जारचे नऊ फेरे होतात, १८०० जी. केगचे चार, ९०० जी. केगवाल्याकडे उरलेली पाच फळं कच्ची विकली तरी ३७५, एकूण १२७५. जार सरळ पुढे. गंमत म्हणजे हाच हिशोब स्टारफ्रूटलाही लागू पडतो: नऊ जेल्या १३,९५०, चार वाइन आणि पाच कच्ची फळं १२,७५०. फळं भरपूर आणि मशीन मोजकी असतील तर जारच जिंकते, फळ कोणतंही असो.

पण स्टारफ्रूट भरपूर कधी नसतं. एक बी ४०० जी, वाढायला १३ दिवस, आणि एकदा तोडलं की रोप संपलं. तुमच्याकडे चारच फळं असतील तर चार वाइन ९००० आणि चार जेल्या ६२००. म्हणून महाग, मोजकं फळ केगमध्ये आणि ढिगाने येणारं स्वस्त फळ जारमध्ये.

भाज्यांचं गणित आणखी सोपं आहे. ज्यूस आणि लोणचं यांची किंमत २०० मूळ भावाला सारखी होते. शेतातल्या भाज्यांत त्याच्या वर फक्त भोपळा (३२०) आणि रेड कॅबेज (२६०). भोपळ्याचा ज्यूस ७२०, लोणचं ६९०. तीस जीसाठी दीडपट वेळ केग अडवून ठेवणं मला पटत नाही. बटाटा, टोमॅटो, मका, वांगं सगळं जारमध्येच. कच्चा मका ५० ला जातो, त्याचं लोणचं १५० ला.

अपवाद दोन: गहू आणि हॉप्स. यांना सूत्र लागत नाही, भाव ठरलेला आहे. २५ च्या गव्हाची बिअर २०० ची, २५ च्याच हॉप्सची पेल एल (बिअरचाच एक प्रकार) ३०० ची. बारापट! हॉप्सचं रोप ११ दिवसांत तयार होतं आणि मग समर संपेपर्यंत रोज एक हॉप देतं. समर १ ला लावलं तर १७ हॉप्स. अडचण वेळेची आहे. पेल एलला २२५० मिनिटं लागतात. सकाळी सहाला भरलेला केग दुसऱ्या दिवशी दुपारी पाचच्या आसपास सुटतो. म्हणजे सकाळच्या फेरीत तो अजून चालूच असतो आणि त्या दिवसाचा हॉप बाहेर राहतो. ज्यांना रोज संध्याकाळी दुसरी फेरी मारायची नाही त्यांनी एका रोपाला दोन केग धरावेत आणि एक दिवसाआड अर्धे अर्धे भरावेत. साठ वेली लावून तीस केग ठेवले की समरच्या शेवटी पेटीत हॉप्सचा डोंगर उरतो. तो डोंगर वाया जात नाही, विंटरमध्ये शेत रिकामं असताना भरता येतो. पण वेली हव्या तेवढ्याच लावलेल्या बऱ्या. त्यांच्या मांडवातून चालता येत नाही, त्यामुळे पाणी घालणं आणि तोडणं दोन्ही वैताग.

केग करायचे तर अडतं कुठे? एका केगला ३० लाकूड, एक तांब्याची लगड, एक लोखंडाची लगड आणि एक ओक रेझिन (ओकच्या झाडाचा चीक). रेसिपी शेतीच्या ८ व्या लेव्हलला मिळते. शंभर केगचा हिशोब मांडा: ३००० लाकूड, ५०० तांब्याचं खनिज, ५०० लोखंडाचं, दोन्ही वितळवायला २०० कोळसा. हे सगळं खाणीत उतरून, झाडं तोडून किंवा गावातल्या लोहाराकडून, क्लिंटकडून, विकत घेऊन दोन आठवड्यांत जमवता येतं. रेझिनचं तसं नाही. ओकच्या पूर्ण वाढलेल्या झाडाला टॅपर (चीक गोळा करायचं साधन) लावायचा, तो सात दिवसांनी एक रेझिन देतो. दहा टॅपर असतील तर शंभर केगला दहा आठवडे. म्हणजे अडीच ऋतू! त्यामुळे टॅपर केगची रेसिपी यायच्या कितीतरी आधी लागलेले हवेत. टॅपरला ४० लाकूड आणि दोन तांब्याच्या लगडी. वीस ओकना लावून टाका, विंटरमध्येही रेझिन चालू राहतं.

ओक लावताना एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मोठ्या झाडाच्या लगत, तिरप्या घरांतसुद्धा, दुसरं रोप पूर्ण वाढत नाही. शेवटच्या टप्प्याआधी अडकून बसतं. ओळीत खेटून लावलेल्या दहा एकॉर्नपैकी (ओकच्या बियांपैकी) अर्धीच झाडं होतात आणि बाकीची महिनोन्महिने तशीच. मध्ये एक घर सोडून लावा. ट्री फर्टिलायझर घातलं तर विंटरमध्येही रोप वाढतं.

जारला रेझिन लागत नाही: ५० लाकूड, ४० दगड, ८ कोळसा, रेसिपी ४ थ्या लेव्हलला. इथे गाडी कोळशावर अडते. तीस जार म्हणजे २४० कोळसा. क्लिंट पहिल्या वर्षी १५० जीला एक देतो, तो भाव जारसाठी परवडत नाही. खाणीत ४१ ते ७९ मजल्यांवरचे काळे धुळीचे पोरटे, डस्ट स्प्राइट, कोळसा टाकतात. एक दोन दिवस तिथेच काढले की काम भागतं. चारकोल किल्नमध्ये दहा लाकडांचा एक कोळसा होतो, पण लाकूडही जारलाच हवं असतं, म्हणून तो शेवटचा उपाय.

मशीन ठेवायच्या कुठे? शेडमध्ये. साध्या शेडमध्ये चालायला वाट ठेवून ६७ बसतात, मोठ्या शेडमध्ये १३७. गावातल्या रस्त्यावर केग ठेवू नका: तिथून जाणारे गावकरी वाटेत आलेली वस्तू मोडून टाकतात आणि आतला माल जातो. चालू केग कुऱ्हाडीने उचलला तरी आत भरलेलं फळ परत मिळत नाही. जागा बदलायची तर रिकामा झाल्यावर बदला.

जनावरांच्या मालाबद्दल थोडक्यात, कारण तिथे विचार करण्यासारखं फार नाही. अंड्याचं मेयोनीज (५० चं १९०), दुधाचं चीज (१२५ चं २३०), लोकरीचं कापड. सगळं काही तासांत होतं, करायचंच. मोठं अंडं किंवा मोठं दूध टाकलं की सोनेरी दर्जाचा माल निघतो. फक्त ट्रफलवर (डुकरं शोधून काढतात ती महागडी बुरशी) थांबा. ट्रफल ऑइल १०६५ चं. फोरेजिंगमध्ये (रानातला माल गोळा करायच्या कौशल्यात) बॉटनिस्ट हा पर्याय घेतला असेल तर प्रत्येक ट्रफल इरिडियम दर्जाचा, १२५० जी. मग आर्टिझन (विक्रीत जादा भाव देणारा पर्याय, तो पुढे येतो) नसताना तेल काढणं म्हणजे पदरचे पैसे घालणं. आर्टिझन असेल तर तेल १४९१ होतं आणि पारडं फिरतं.

आर्टिझन म्हणजे शेतीच्या १० व्या लेव्हलला मिळणारा ४० टक्के जादा भाव. तो माल बनवताना लागत नाही, विकताना लागतो. नवव्या लेव्हलला असाल तर वाइन, जेली, चीज पेटीत साठवून ठेवा आणि दहावी लेव्हल मिळाल्यावर एकदम विका. कॉफी केगमध्ये होते, पण तिला हा जादा भाव मिळत नाही. पाच बियांची एक कॉफी, १५० जी, दोन तासांत. ती विकण्यापेक्षा पळायला वापरावी.

१.६ मध्ये आलेला डिहायड्रेटर लोकांनी अजून नीट मनावर घेतलेला दिसत नाही. एकाच जातीची पाच फळं किंवा मशरूम टाकायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी सुकामेवा तयार. किंमत मूळ भावाच्या साडेसात पट अधिक २५. पाच ब्लूबेरी कच्च्या २५०, सुकवून ४००. त्याच पाचांची जेली ७५० होते, पण त्यासाठी पाच जार अडीच दिवस अडकतात. फळांचा ढीग आणि मशीनची टंचाई, या अवस्थेत याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही. रेसिपी दुकानदार पिअरकडे १०,००० ला मिळते. बनवायला ३० लाकूड, २ चिकणमाती आणि एक फायर क्वार्ट्झ. मासेवाल्या विलीकडचा फिश स्मोकर तर मासळीचा भाव दुप्पट करतो आणि चांदणीही टिकवतो. दर माशाला एक कोळसा मात्र जातो.

शेवटचा टप्पा तळघरातले कास्क, म्हणजे वाइन, चीज मुरवायची पिंपं. साध्या वाइनला इरिडियम दर्जा यायला ५६ दिवस लागतात आणि किंमत दुप्पट होते. चीजला १४ दिवस. एका कास्कमागे रोजची वाढ काढली तर स्टारफ्रूट वाइन सुमारे ४० जी, एन्शंट फ्रूट वाइन २९, चीज १६. कास्क तळघराबाहेर चालतच नाहीत, म्हणजे जागा मोजकी, म्हणून तिथे स्टारफ्रूटच. ग्रीनहाउसमध्ये मात्र उलटं. तिथे एन्शंट फ्रूट लावावं: एकदा लावलं की दर सात दिवसांनी फळ, बी पुन्हा घ्यायचं नाही, आणि सात दिवसांचा तोडा केगच्या सव्वासहा दिवसांशी बरोबर जुळतो. सोमवारी तोडायचं, मागची वाइन काढायची, नवीन भरायचं. आठवड्यातून एकच सकाळ.

तळघर स्टारफ्रूटने भरायचं असेल तर बी स्प्रिंगमध्येच वाळवंटातल्या दुकानदार सँडीकडून आणून ठेवा. त्यासाठी बस आधी सुरू झालेली हवी. १२५ कास्कना ६३ रोपं दोनदा लावायची, बियांचा खर्च ५०,४००. समर १ ला लावलेलं १४ ला तोडायचं, त्याच दिवशी पुन्हा लावायचं, ते २७ ला निघतं. ६३ केग दोन्ही वेळा पुरतात. पहिली वाइन समर २१ ला कास्कमध्ये गेली तर विंटर २१ ला इरिडियम होते. दुसरी फॉल ६ ला गेली तर पुढच्या वर्षी स्प्रिंग ६ ला. मध्येच पैशांची नड आली तर कास्कवर कुऱ्हाड मारा, वाइन त्या वेळी ज्या दर्जाची झाली असेल त्या दर्जाची बाहेर पडते: १४ दिवसांनंतर रुपेरी, २८ नंतर सोनेरी.