लॅबमध्ये किडनी वाढली म्हणजे नेमकं काय वाढलंय?

डायलिसिसवर माणूस असलेल्या घरात ही बातमी अधूनमधून येतेच, की शास्त्रज्ञांनी लॅबमध्ये किडनी तयार केली. आमच्या मामांना कोणीतरी पाठवतं, मामा मला फॉरवर्ड करतात आणि खाली लिहितात "हे खरंय का गं?" मी मायक्रोबायोलॉजी शिकले म्हणून हा प्रश्न माझ्याकडे. फोनवर दरवेळी अर्धवट सांगून होतं म्हणून आज सविस्तर लिहितेय, कारण यातल्या बऱ्याच बातम्यांचा माग काढला की आपण मेलबर्नला पोचतो, मेलिसा लिटल नावाच्या बाईंच्या कामापाशी, आणि ते काम इतकं जबरदस्त आहे की नुसतं हेडिंग वाचून सोडून देऊ नये.

आधी किडनीबद्दल थोडं. एका किडनीत साधारण १० लाख नेफ्रॉन असतात, म्हणजे गाळणी आणि तिला जोडलेली लांब वळणावळणाची नळी. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला १८० लिटरच्या आसपास पाणी गाळतात, त्यातलं जवळजवळ सगळं नळ्या परत रक्तात ओढून घेतात आणि दीडेक लिटर लघवी बाहेर येते. हे नेफ्रॉन बाळ पोटात असतानाच तयार होतात, साधारण ३६ व्या आठवड्यानंतर नवीन बनणं थांबतं ते कायमचं. लिव्हरचा तुकडा कापला तरी वाढतो, किडनीला ती सोयच नाही. शुगरने, बीपीने, कशानेही गेलेला नेफ्रॉन परत येत नाही, आणि म्हणूनच क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा) एकदा चढायला लागलं की डॉक्टर "आहे ते टिकवूया" एवढंच म्हणतात.

लिटल बाईंची सुरुवात किडनी बनवण्यापासून झालीच नव्हती. एडिंबरामध्ये निक हेस्टी यांच्या लॅबमध्ये त्या विल्म्स ट्यूमरवर काम करत होत्या, हा लहान मुलांना होणारा किडनीचा कॅन्सर. यात गर्भातल्या किडनीच्या पेशी पक्व व्हायच्याच राहतात आणि नुसत्या वाढत सुटतात. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे, की बिघाड समजून घेण्यासाठी आधी किडनी नीट बनते तरी कशी हे शोधावं लागलं, आणि पुढची कितीतरी वर्षं त्या ब्रिस्बेनला क्वीन्सलँड युनिव्हर्सिटीत हेच बघत बसल्या, गर्भात कुठल्या दिवशी कुठली पेशी कुणाला काय सिग्नल देते. तेव्हा कुणी विचारलं असतं की याचा पेशंटला काय उपयोग, तर दाखवायला फारसं काही नव्हतं.

मग जपानच्या शिन्या यामानाकांनी रस्ता उघडला. मोठ्या माणसाच्या त्वचेच्या पेशीत चार जीन घातले की ती पेशी मागे जाते, गर्भातल्या पेशीसारखी कोरी होते आणि तिच्यापासून शरीरातली कुठलीही पेशी बनवता येते. उंदरात २००६ ला, माणसाच्या पेशीत २००७ ला, नोबेल २०१२ ला. आता कच्चा माल होता, आणि किडनीकडे जायचा नकाशा लिटल बाईंकडे होता.

२०१५ च्या ऑक्टोबरमध्ये लिटल बाईंच्या टीमचा पेपर 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आला, पहिलं नाव मिनोरू ताकासातो यांचं. किडनी दोन प्रकारच्या मूळ पेशींपासून बनते, एकीपासून नेफ्रॉन आणि दुसरीपासून ते सगळे नेफ्रॉन जिथे रिकामे होतात त्या गोळा करणाऱ्या नळ्या, आणि गर्भात दोघी एकमेकींना सतत सिग्नल देत वाढतात. ताकासातोंनी पाहिलं की अशा कोऱ्या पेशींना, म्हणजे स्टेम सेल्सना, एक ठराविक केमिकल, त्याचं नाव चिर, किती दिवस द्यायचं यावर पेशी कुठे जाणार हे ठरतं. कमी दिवस दिलं तर नळ्यांच्या बाजूला, जास्त दिवस दिलं तर नेफ्रॉनच्या बाजूला. मग मधला काळ धरून त्यांनी एकाच डिशमध्ये दोन्ही प्रकार मिळवायचा प्रयत्न केला. साधारण आठवडाभराने त्या पेशींचा छोटा गोळा करून फिल्टरवर ठेवला, पुन्हा फक्त एक तास चिर दिलं, पाचेक दिवस अजून एक प्रोटीन दिलं आणि नंतर बाहेरून वाढीसाठी काहीच द्यायचं नाही. आणि पेशी आपल्या आपण नेफ्रॉन बनवायला लागल्या! गाळणी, नळीचा पहिला भाग, वाकडा भाग, शेवटचा भाग, क्रमाने. सगळं मिळून २५ दिवस. जीन तपासले तर हे पहिल्या तिमाहीतल्या गर्भाच्या किडनीशी जुळत होतं. कुणी हाताने काही जोडलं नव्हतं, पेशींना फक्त योग्य वेळी योग्य खूण मिळाली होती, आणि हे वाचताना माझ्या अंगावर खरंच काटा आला होता.

पण हे वाढलेलं काही मिलिमीटरचं आहे, आणि इथेच मामांना मला दरवेळी थांबवावं लागतं. याला ऑर्गनॉइड म्हणतात. यात नेफ्रॉन आहेत पण १० लाखांच्या जवळपासही नाहीत, आणि जे आहेत ते गर्भातल्या वयाचे. रक्त आणणारी धमनी नाही. उंदराच्या किडनीच्या आवरणाखाली ठेवलं तर उंदराच्या रक्तवाहिन्या आत शिरतात आणि गाळण्या जास्त पक्व होतात, हे नेदरलँड्समधल्या लायडनच्या टीमने २०१८ मध्ये दाखवलंय, तरी लघवी बाहेर जायला एक सलग वाट नाहीच. बिल्डिंगमध्ये प्रत्येक फ्लॅटला बाथरूम बांधलं पण खालची ड्रेनेजची लाइनच टाकली नाही, तसं. गाळणं आणि बाहेर सोडणं दोन्ही झाल्याशिवाय ती किडनी नाही. शिवाय त्या गोळ्यात मेंदूतल्यासारख्या चेतापेशी, स्नायूंच्या पेशी असं भलतंसलतंही उगवतं, जे माणसाच्या शरीरात घालायची कुणाचीच हिंमत होणार नाही.

आणि त्या ड्रेनेजबद्दलच पुढे एक गोष्ट झाली जी बातम्यांत कधी येत नाही. २०१५ ला ज्या नळ्यांना गोळा करणाऱ्या नळ्या म्हटलं होतं, त्यांची एकेक पेशी घेऊन जीन वाचायचं तंत्र आल्यावर कळलं की त्या नेफ्रॉनच्याच शेवटच्या टोकाच्या आहेत. हे शोधण्यात लिटल बाईंचीच टीम पुढे होती आणि त्यांनी ते छापलं. २०२१ मध्ये त्यांनीच पुढचं दाखवलं, की त्या टोकाच्या पेशींना वेगळे सिग्नल दिले तर त्या खऱ्या गोळा करणाऱ्या नळ्यांच्या मूळ पेशींसारख्या होऊ शकतात. आपल्याच गाजलेल्या पेपरमधलं नाव बदलायचं आणि तिथूनच नवा रस्ता काढायचा, यासाठी मला या बाईंबद्दल प्रचंड आदर आहे.

मग आज उपयोग काय? आहे, आणि तो ट्रान्सप्लांटपेक्षा खूप जवळचा आहे. सिस्प्लॅटिन हे कॅन्सरचं औषध किडनीला त्रास देतं, तर २०१५ च्याच पेपरात ते ऑर्गनॉइडवर टाकल्यावर नळीच्या नेमक्या त्याच भागातल्या पेशी मेल्या जिथे पेशंटमध्ये मरतात. म्हणजे नवीन औषध माणसाला द्यायच्या आधी माणसाच्याच नेफ्रॉनवर तपासता येईल. दुसरं, जनुकीय आजार. २०१८ मध्ये याच टीमने आयएफटी १४० या जीनमध्ये दोष असलेल्या एका पेशंटच्या पेशींपासून ऑर्गनॉइड बनवले, तर नळीच्या पेशींवरचे बारीक केसांसारखे सिलिया टोकाला फुगलेले दिसले. मग क्रिस्परने, म्हणजे जीन दुरुस्त करायच्या तंत्राने, त्याच पेशींमधला दोष दुरुस्त करून पुन्हा बनवले, तर सिलिया व्यवस्थित! त्या पेशंटला यातून लगेच औषध मिळालं असं नाही, पण दोष नक्की कुठे आहे ते त्याच्याच पेशींनी दाखवलं. ज्या घरात भावंडांपैकी दोघांच्या किडन्या जातात आणि कारणच कळत नाही, त्या घराला हे किती मोठं आहे ते बाहेरच्याला कळणार नाही.

मामांनी मागच्या महिन्यात सरळ विचारलं, "माझ्या हयातीत होईल का?" मी त्यांना खोटं सांगितलं नाही. आठवड्यातून तीनदा चार-चार तास मशीनवर बसणारा, पाणी मोजून पिणारा, नारळपाण्याकडे बघूनही न बघितल्यासारखं करणारा माणूस आहे तो, त्याला "लवकरच" असं म्हणणं मला पाप वाटतं. मी म्हटलं, मामा, झेडटीसीसीच्या (अवयवदानाचं वाटप बघणाऱ्या केंद्राच्या) वेटिंग लिस्टवरचं नाव चालू ठेवा, तपासण्या अपडेट ठेवा, फिस्टुलाचा, म्हणजे डायलिसिसची सुई टोचतात तो, हात जपा, या बातमीच्या भरवशावर यातलं काहीही पुढे ढकलू नका. ते थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले "बरं, पण पोरांच्या वेळेला?" पोरांच्या वेळेचं मी हो म्हणाले नाही, पण नाही असंही म्हणवलं नाही, कारण काम खरंच पुढे सरकतंय.

म्हणजे बघा, २०२० च्या शेवटी लिटल बाईंच्या टीमने बायोप्रिंटर, म्हणजे शाईऐवजी पेशी छापणारं यंत्र, वापरून हे ऑर्गनॉइड छापले, आणि पेशींचा जाड गोळा करण्याऐवजी पातळ पट्टी छापली तर तेवढ्याच पेशींतून जास्त नेफ्रॉन मिळतात हे दाखवलं. आता लिटल बाई कोपनहेगनला रीन्यू या स्टेम सेल सेंटरच्या प्रमुख आहेत. मी वाट बघतेय ती एका पेपरची, ज्यात लॅबमध्ये वाढवलेले नेफ्रॉन प्राण्याच्या रक्ताला जोडलेले असतील, ते रक्त गाळतील, आणि गाळलेलं एकाच नळीतून मूत्राशयापर्यंत पोचेल. थेंबभर का असेना. तो आला की मामांना मीच पाठवीन.