आवरणाऱ्या पेशी

आज बारावीच्या तासाला प्रतिकारशक्ती शिकवत होते. एका मुलीने विचारलं, "मॅडम, या पेशी आपल्याच शरीरावर का उठत नाहीत?" तिच्या घरात एकाला टाइप १ मधुमेह आहे; त्यात प्रतिकारशक्ती शरीराच्याच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर हल्ला करते. म्हणजे प्रश्न परीक्षेसाठी नव्हताच.

मग पुस्तक बाजूला ठेवलं आणि जपानी संशोधक शिमोन साकागुची यांचं काम सांगितलं. थायमस ग्रंथीत टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशी, तयार होतात. उंदराच्या पिल्लाची ही ग्रंथी जन्मानंतर तिसऱ्या दिवशी काढली, तर प्रतिकारशक्ती दुबळी पडायला हवी ना? झालं भलतंच. ती चवताळून स्वतःच्याच अवयवांवर तुटून पडली. निरोगी उंदराच्या टी-पेशी टोचल्या, तर मात्र आजार टळला! म्हणजे टी-पेशींमध्येच कुणीतरी बाकीच्यांना आवरणारं होतं. १९९५ साली साकागुचींनी सीडी२५ या पेशीवरच्या प्रथिनाच्या खुणेवरून त्या पेशी हुडकल्या. त्या काळी अशा पेशींवर फारसा कुणाचा विश्वास उरला नव्हता, तरी हा माणूस चिकाटीने मागे लागला. मला याचं फार अप्रूप वाटतं.

२००१ मध्ये मेरी ब्रंकॉव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी फॉक्सपी३ जनुक शोधलं; या आवरणाऱ्या पेशी घडायला तेच लागतं, हे पुढे कळलं. त्यातल्या बिघाडाने लहान मुलग्यांना आयपेक्स हा गंभीर आजार होतो, ज्यात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते. तिघांना २०२५ चं नोबेल मिळालं.

या आवरणाऱ्या पेशी वाढवून टाइप १ मधुमेह रोखता येईल का, याच्या चाचण्या सुरू आहेत. हमखास उपचार अजून हातात नाही, हेही तिला स्पष्ट सांगितलं. कर्करोगात तर उलटी अडचण: गाठ याच पेशी स्वतःभोवती गोळा करते आणि हल्ल्यातून वाचते. तिथे त्यांना दूर सारायचे प्रयत्न चालू आहेत.