जरा बाजूला व्हा

गुरुवार, रात्रीचे पावणेबारा

चिनूला माझा जुना डिजिटल कॅमेरा हवा होता. म्हणे कॉलेजात आता त्याचीच फॅशन आहे, फोनचे फोटो फार गुळगुळीत येतात. माळ्यावरचा खोका काढला. कॅमेरा निघाला, चार्जर निघाला, आणि कार्डावर मे 2009 चं एस्सेल वर्ल्ड जसंच्या तसं. कॅमेरा देऊन टाकला. कार्ड मात्र गुपचूप काढून घेतलं.

एक क्लिप आहे, अठरा सेकंदांची. झिपर डिपर हा तिथला रोलर कोस्टर सुटायच्या बेतात, पहिल्या डब्यात चिनू आणि दादा. वाऱ्याची घरघर, आणि त्यात माझा आवाज. "बाबा, जरा बाजूला व्हा ना, मध्ये येताय."

बाबा होतात बाजूला. लगेच. दोन पिशव्या आणि पाण्याची बाटली सावरत, किंचित ओशाळून.

एवढंच. आवाज चढलेला नाही, रागही नाही. पण संध्याकाळपासून सहा वेळा लावलं मी ते. "बाबा, इकडे माझ्याजवळ या" असं म्हटलं असतं तर काय जीभ झिजली असती? तीही चारच शब्दांची गोष्ट.

तेव्हा 2 जीबीचं कार्ड म्हणजे केवढं वाटायचं, तरी ते पुरेल की नाही याचीच दिवसभर धास्ती. त्यात कॅमेरा असा, की बटण दाबल्यावर जरा विचार करणार आणि मग फोटो काढणार. तोवर पाळणा पुढे गेलेला. अ‍ॅक्वा डाइव्हचे पाच फोटो आहेत. चारांत नुसतं उडालेलं पाणी, पाचव्यात कुणा परक्या माणसाचं टक्कल. त्या टकलाला बरं कुणी बाजूला व्हा म्हटलं नाही!

बाबा किती फोटोंत आहेत, मोजलं. एकात कोपर, दोनांत पिशवीचा बंद. आई त्या वेळी आलीच नव्हती. ते आज नको.

पुन्हा जाऊन नीट काढू म्हणावं, तर पार्कच 2022 पासून बंद. आणि गेले असते तरी कुणाला घेऊन?

दादाला फोन केला. तो जांभई देत म्हणाला, "अगं, त्यांना कुठे पाळण्यांत रस होता? ते शेजारचा विपश्यना पॅगोडा बघायला आले होते." खरंच की. फेब्रुवारीतच उद्घाटन झालं होतं. गोराईच्या खाडीत लाँचमधून तो सोनेरी घुमट दिसला तेव्हापासून त्यांची मान तिकडेच. एवढा मोठा घुमट, आत एकही खांब नाही, दगडात दगड अडकवलाय, हे त्यांनी लाँचमधल्या तीन अनोळखी माणसांना सांगितलं. चौथा मिळेना म्हणून मला.

शेवटची क्लिप त्यांनी काढलेली. म्हणजे त्यांना फोटो काढायचा होता, पण चकती व्हिडिओवर राहिलेली. आम्ही सगळे ओळीत, दात काढून, पुतळे. चाळीस सेकंद. चिनू विचारते, "झाला?" बाबा म्हणतात, "हलू नका." तेवढ्यात एक बाई मूल कडेवर घेऊन मधून जायला बघतात आणि थबकतात. बाबा म्हणतात, "जा, जा, तुम्ही जा आधी."

हे मी तीन वेळा लावलं.

मग "आला बहुतेक" म्हणून त्यांनी कॅमेरा मनगटाला लटकवला, चालू तसाच. पुढची सहा मिनिटं त्यांची चप्पल, फरशा, आभाळ, परत चप्पल. झिपर डिपरने दिले नसतील एवढे हेलकावे. मधेच भेळवाल्याशी घासाघीस, तीत हार. कार्ड भरलं आणि क्लिप तुटली. कार्ड कुणी भरवलं म्हणून परतीच्या लाँचमध्ये मी किती कुरकुरले होते, आणि बाबा शेजारी बसून, "काय की बुवा."

आत्ता चिनूचा मेसेज आलाय. "आत्या, कार्ड कुठंय?" उद्या नवं घेऊन देते म्हटलं.