माझा अनुभव: प्रोटीनचा क्रिस्टल, इंदूरची बीमलाइन आणि २.१ अँगस्ट्रॉम

पीएचडीत माझ्या वाट्याला एका बॅक्टेरियातलं एन्झाइम आलं (नाव सांगत नाही, पेपर यायचाय अजून) आणि काम काय तर त्याचं स्ट्रक्चर काढायचं, म्हणजे त्यातला कुठला अणू कुठे आहे ते शोधायचं. हे लिहितेय ते नवीन आलेल्यांसाठी, कारण क्लोनिंग-प्युरिफिकेशनवर सगळे भरभरून बोलतात पण डेटा नेमका कुठपर्यंत खरा मानायचा यावर कुणी नीट बसून सांगत नाही, आणि माझं डोकं सगळ्यात जास्त तिथेच खर्च झालं.

घरी बाबांचा पहिला प्रश्न होता, एवढे भारी मायक्रोस्कोप असतात, मग सरळ बघत का नाहीस? प्रश्न बरोबरच आहे. पण एर्न्स्ट आबेने १८७३ मध्येच याची हद्द आखून ठेवलीये, दोन बिंदू वेगळे दिसायला त्यांच्यात कमीत कमी किती अंतर लागतं तर तरंगलांबी भागिले लेन्सच्या एनएची (लेन्स किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करते त्याचं माप) दुप्पट. हिरवा प्रकाश ५५० नॅनोमीटर, चांगलं ऑइल ऑब्जेक्टिव्ह १.४ एनएचं, म्हणजे हिशोब २०० नॅनोमीटरच्या आसपास येतो. माझं प्रोटीन जेमतेम ५ नॅनोमीटर. लेन्स कितीही महाग घ्या, धूसर ठिपकासुद्धा त्याच्यापेक्षा चाळीस पट मोठा. आता ही हद्द ओलांडणारं स्टेड वगैरे सुपर-रिझोल्युशन तंत्र आलंय, २०१४ चं केमिस्ट्रीचं नोबेल त्यालाच होतं, पण तिथे आपण चमकणारे डाय बघतो, प्रोटीनच्या आतले कार्बन-नायट्रोजन नाही. त्यासाठी तरंगलांबीच अणूंच्या मापाची हवी. कॉपरच्या एक्स-रेची १.५४ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) असते आणि कार्बन-कार्बन बाँडही १.५४ च, योगायोग आहे पण मला तो फार आवडतो. अडचण अशी की एक्स-रेला वळवून चित्र उमटवेल अशी लेन्स या कामासाठी मिळत नाही, म्हणून विखुरलेले किरण डिटेक्टरवर पकडायचे आणि लेन्सचं काम कॉम्प्युटरकडून करून घ्यायचं. त्यात फेज (तरंग कुठल्या टप्प्यावर होता ती माहिती) हरवतात ते दुखणं वेगळंच, त्यावर पुढे.

क्रिस्टल कशाला लागतो तर एका रेणूकडून येणारा सिग्नल इतका क्षीण असतो की पकडताच येत नाही, करोडो रेणू एकसारखे रांगेत उभे राहिले की ठराविक दिशांना सिग्नल जोरात मिळतो.

माझ्या पहिल्या क्रिस्टलच्या सुया आल्या, पेग ३३५० (क्रिस्टल जमवायला वापरतात ते पॉलिमर) मध्ये, केसासारख्या बारीक, आणि आनंदाने पार्टी मागण्याआधी लॅबमधल्या ताईने सुईने एक दाबून बघायला लावला. मिठाचा असेल तर कट्ट करून तुटतो, प्रोटीनचा असेल तर मऊ चुरा होतो. चुरा झाला, हुश्श! एक्स-रेवर ठेवल्यावरही ते कळतंच, मिठाचे डिटेक्टरवरचे स्पॉट मोजके, जाडजूड आणि लांब लांब असतात, प्रोटीनचे दाट गर्दीने. माझे दाट होते पण मधोमध जमलेले, ७ अँगस्ट्रॉमच्या पुढे काहीच नाही (इथे आकडा जितका लहान तितका डिटेल बारीक). गाइड मॅडम म्हणाल्या, "अगं, केंड्र्यूचं १९५८ चं मायोग्लोबिन, पहिलं प्रोटीन स्ट्रक्चर, ६ अँगस्ट्रॉमचंच होतं, घाबरतेस काय." मी म्हटलं, "मॅडम, त्यांना नोबेल मिळालं, मला साधं एक्स्टेन्शन मिळणार नाही." (त्यांनीही १९६० पर्यंत २ अँगस्ट्रॉम गाठलंच होतं, तेव्हा हा दिलासा काही पुरणारा नव्हता.)

इथे जरा थांबते, कारण खरा मुद्दा हाच आहे. ब्रॅगचं समीकरण सांगतं की जितकी बारीक रचना तितका किरण जास्त कोनातून वळतो, म्हणजे डिटेक्टरवर मध्यापासून जितके लांबचे स्पॉट तितका डिटेल बारीक. कागदावर हद्द तरंगलांबीच्या निम्मी, म्हणजे कॉपरवर ०.७७ अँगस्ट्रॉम. प्रोटीनवाल्यांपैकी त्याच्या जवळपास फार थोडे जातात, कारण त्याच्या खूप आधी क्रिस्टलच हात वर करतो. शाळेच्या कवायतीत पोरं रांगेत उभी असतात ना, रांगा लांबून सरळ दिसतात पण जवळ जाऊन पाहिलं तर कुणी इंचभर पुढे, कुणी तिरकं, कुणी चुळबुळतंय. क्रिस्टलमधले रेणू तसेच. मोठ्या अंतराची शिस्त टिकते म्हणून मधले स्पॉट येतात, बारीक शिस्त नसते म्हणून कडेचे विरतात. मायक्रोस्कोपमध्ये हद्द प्रकाश आणि लेन्स ठरवतात, आमच्याकडे बहुतेक वेळा सँपल ठरवतं, म्हणून मशीनच्या मागे लागण्याआधी क्रिस्टलच्या मागे लागा.

मी लागले. प्रोटीनच्या टोकाला लोंबणारा हिस-टॅग (प्युरिफिकेशनसाठी जोडलेली छोटी शेपटी) कापून टाकला, शेपटी जेवढी वळवळणारी तेवढं पॅकिंग सैल हे तर उघडच आहे. मग सीडिंग. आमच्या लॅबमध्ये एका छोट्या ट्यूबमध्ये मांजराची गळून पडलेली मिशी जपून ठेवलीये, खरंच, ती जुन्या क्रिस्टलवरून फिरवून नवीन ड्रॉपमधून ओढायची, चिकटलेले कण बी म्हणून काम करतात. पाहुण्यांना हे सांगितलं की चेष्टा वाटते. पण सुयांच्या जागी जाडसर पट्ट्या यायला लागल्या आणि लॅबच्याच मशीनवर ३.२ अँगस्ट्रॉम दिसलं, त्या संध्याकाळी मात्र पार्टी झाली.

मग इंदूर. तिथल्या आरआरकॅट या सरकारी संशोधन संस्थेत इंडस-२ आहे, अडीच जीईव्हीचा सिंक्रोट्रॉन (इलेक्ट्रॉन गोल फिरवून तीव्र एक्स-रे काढणारं यंत्र), आणि त्यावर पीएक्स-बीएल२१ ही प्रोटीनवाल्यांची बीमलाइन, म्हणजे ते एक्स-रे क्रिस्टलपर्यंत आणणारी प्रयोगाची जागा. किरण जास्त तीव्र आणि जास्त समांतर, त्यामुळे जे अंधुक कडेचे स्पॉट लॅबमध्ये बॅकग्राउंडमध्ये बुडतात ते वर येतात. म्हणजे सिंक्रोट्रॉन क्रिस्टलची शिस्त वाढवत नाही, आहे ती दाखवतो, एवढंच.

जाणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी. क्रिस्टल १०० केल्विनला ठेवतात म्हणून आधी ग्लिसरॉल किंवा तत्सम काहीतरी द्यावं लागतं, नाहीतर पाण्याचा बर्फ होऊन ३.९, ३.६७ आणि ३.४४ अँगस्ट्रॉमला जाड रिंगा येतात आणि नेमका तिथलाच डेटा खराब होतो. किती टक्के ते घरीच ठरवून जा, तिथे प्रयोग करत बसू नका. दुसरं, डिटेक्टर किती लांब ठेवायचा याचं गणित आधीच करून ठेवा. ०.९८ अँगस्ट्रॉमची तरंगलांबी आणि २२५ मिलिमीटर रुंदीचा डिटेक्टर धरला तर २ अँगस्ट्रॉमचे स्पॉट बरोबर कडेला येण्यासाठी अंतर साधारण २१ सेंटिमीटर. अजून जवळ आणलं तर आणखी बारीक डेटा मावतो पण स्पॉट एकमेकांजवळ सरकतात, माझ्या सेलची (क्रिस्टलमध्ये पुन्हा पुन्हा येणारा ठोकळा) एक बाजू सव्वादोनशे अँगस्ट्रॉमची होती म्हणजे शेजारच्या स्पॉटमध्ये एक मिलिमीटरसुद्धा नाही, आणि क्रिस्टल जरा मोझेक (आतले तुकडे एकमेकांशी किंचित तिरके) असला की ते एकमेकांवर चढतात. तिसरं, लोभ नको. रात्री उशिरा सगळ्यात सुंदर क्रिस्टलवर मी एक्स्पोजर वाढवत नेला तशा शेवटच्या फ्रेममध्ये कडेचे स्पॉट विरत गेले, रेडिएशन डॅमेज, सगळ्यात आधी बारीक डिटेलच मरतं. त्या फ्रेम नंतर गाळल्या.

पुण्याला परत आल्यावर खरा वाद सुरू झाला. डेटा कुठे कापायचा? जुना नियम असा की बाहेरच्या शेलमध्ये (सगळ्यात बारीक डिटेलच्या स्पॉटच्या गटात) आय बाय सिग्मा (सिग्नल भागिले त्यातली अनिश्चितता) २ च्या खाली गेलं की थांबा, त्या हिशोबाने माझं २.३. ताईचं म्हणणं, सीसी-हाफ बघ. डेटाचे रँडम दोन भाग करायचे आणि ते एकमेकांशी किती जुळतात ते पाहायचं, कार्प्लस आणि डिडरिक्स यांनी २०१२ मध्ये हे मांडलं, आणि त्यांचा मुद्दा असा की कमजोर डेटातही माहिती असते, ती फेकू नका. माझं सीसी-हाफ २.१ ला ०.४ च्या थोडं वर होतं. मॅडमना पटेना, आर-मर्ज (एकाच स्पॉटची मापं एकमेकांपासून किती हटतात तो आकडा) बघून रिव्ह्यूअर काय म्हणतील! पण २.३ वरून २.१ म्हणजे दिसायला किरकोळ, स्पॉटची संख्या मात्र घनाच्या हिशोबाने वाढते, जवळपास ३० टक्के जास्त. शेवटी दोन्ही कटऑफने रिफाइन केलं (मॉडेल डेटाशी जुळवत नेलं) आणि दोन्ही मॉडेलचा आर-फ्री (बाजूला ठेवलेल्या डेटापासून मॉडेल किती हटतं तो आकडा) त्याच २.३ पर्यंतच्या डेटावर काढला, तुलना सारख्यावर सारखी. २.१ वालं मॉडेल थोडं सरस निघालं. मॅडम म्हणाल्या ठीक आहे, पण टेबलमध्ये २.३ ला आय बाय सिग्मा २ होतं हे लिहायचं. मला वाटतं हीच पद्धत बरोबर आहे, नुसता आकडा मिरवण्यापेक्षा.

फेजचं सांगायचं राहिलं. डिटेक्टर फक्त तीव्रता मोजतो, तरंग कुठल्या टप्प्यावर होता ते कळत नाही आणि त्याशिवाय मॅप (इलेक्ट्रॉन कुठे किती दाट आहेत त्याचा नकाशा) निघत नाही. माझ्या नशिबाने एक नातेवाईक प्रोटीन पीडीबीत (प्रोटीन स्ट्रक्चरच्या जागतिक डेटाबेसमध्ये) होतं, मॉलेक्युलर रिप्लेसमेंटने तिथल्या फेज उसन्या घेतल्या आणि काम झालं. नसतं तर फेज काढायला प्रोटीनमध्ये सेलेनियम घालून सगळं पहिल्यापासून.

कूट या सॉफ्टवेअरमध्ये मॅप उघडला तेव्हा ३.२ आणि २.१ मधला फरक डोळ्यांनी कळला. आधी मणका (प्रोटीनची मुख्य साखळी) आणि जाड साइडचेन कशाबशा ओळखू येत होत्या, आता ॲक्टिव्ह साइटमध्ये पाण्याचे रेणू सुटे सुटे दिसत होते, पेप्टाइडचा ऑक्सिजन कुठल्या बाजूला वळलाय ते दिसत होतं. बेंझिन रिंगच्या मधलं भोक मात्र नाही, त्याला दीडच्या आसपास लागतं, आणि हायड्रोजन तर १ च्या जवळ गेल्याशिवाय विसरा. साखळीचा एक लूप शेवटपर्यंत दिसलाच नाही, रेणूगणिक तो वेगळीकडे झुलत असणार. तिथे मॉडेल बांधलं नाही, मोकळं सोडलं, आणि पीडीबीच्या व्हॅलिडेशन रिपोर्टमध्ये ती गॅप तशीच दिसते. कुणी काही म्हणो, न दिसणाऱ्या जागी अणू ठेवणं मला जमणार नाही.

शेवटचं, प्रोसेस केलेल्या फाइलवर समाधान मानू नका, मूळ फ्रेम दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. कटऑफ पुन्हा ठरवायची वेळ कधीही येते, माझ्यावर तर रिव्ह्यूअरमुळे आत्ताच आलीये आणि गेला आठवडाभर मी तेच करतेय.