झाड लावलं तर एसीचं बिल उतरेल का?

तुम्ही विचारलंत म्हणून, आणि दर एप्रिलात कुणी ना कुणी विचारतंच म्हणून, एकदा नीट सांगतो. बिल उतरतं. पण झाड घराच्या कुठल्या बाजूला, ते आधी सांगा.

गोव्यात एप्रिल संपता संपता दुपारचा सूर्य थेट डोक्यावर येतो. उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीला ऊन जवळपास लागतच नाही. तापतो तो स्लॅब आणि तीननंतर पश्चिमेची भिंत. रात्री तुम्ही एसी लावता तेव्हा तीच भिंत साठवलेली उष्णता आत सोडत असते. म्हणून झाड पश्चिमेला, भिंतीपासून चार-पाच मीटरवर. करंज, बकुळ, जांभूळ चालेल. माडाची सावली विरळ. पानांतून पाणी उडून हवा थंड होते, पण आपल्या दमट हवेत ते थोडंच. खरं काम सावलीचं. तीही यायला काही वर्षं जातात. तोवर गच्चीला पांढरा रंग द्या.

लगेच पुढचा प्रश्न: पावसात पडलं तर?

यावरच माझा संताप आहे. खोडाला भिडवून पेव्हर बसवतात, मुळांना हवा-पाणी मिळत नाही. मग केबलसाठी चर खणतात, जेसीबी एका बाजूची जाड मुळं तोडतो, चर बुजतो. वरून झाड हिरवंगारच दिसतं. जूनमध्ये माती भिजते, समुद्रावरून वारा सुटतो आणि झाड मुळासकट तारांवर कोसळतं. वाडा रात्रभर अंधारात. सकाळी सगळ्यांचं एकच: झाडं धोक्याचीच. शेजारची धडधाकट झाडंही मग जातात. चर कुणी खणला, हे कुणी विचारत नाही. खोडाभोवती निदान एक मीटर माती उघडी ठेवा, चर लांबून न्या, छाटणी मे संपायच्या आत करा. शेंडा तोडू नका. तिथं फुटणारे कोंब कच्चे असतात, तेच आधी मोडतात.

राहिलं सोलर. पॅनेलच्या कोपऱ्यावर सावली आली तरी एका ओळीत जोडलेल्या बाकीच्यांची वीज घटू शकते. मग झाड तोडायचं? सूर्य मावळल्यावर पॅनेल काही देत नाही, आणि बेडरूमचा एसी तेव्हाच लागतो. ती वीज येते कोरबा-विंध्याचलसारख्या ठिकाणी कोळसा जाळून. त्यामुळे माझा कल झाडाकडे. पण छप्पर लहान आणि झाड त्याला टेकलेलं असेल तर हिशेब उलटाही बसतो, हे मी नाकारत नाही. तोडायचंच ठरलं तरी १९८४च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली आधी परवानगी घ्या.