विसरभोळा संगणक

गेल्या जूनमध्ये भाचीच्या प्रवेशाचे कागद छापून घ्यायला मी आमच्या भागातल्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो होतो. दुकानदारांनी नेहमीप्रमाणे "व्हॉट्सॲप करा" असे सांगितले. मी पाठवलेली फाइल शोधण्यासाठी त्यांनी डाउनलोड्सचे फोल्डर उघडले, तेव्हा गिऱ्हाइकांकडे तोंड करून ठेवलेल्या त्या पडद्यावर आधार कार्डे, सातबारा उतारे, जातीचे दाखले, पासबुकांची पहिली पाने आणि कोणाचा तरी सोनोग्राफीचा अहवाल अशी रांग बराच वेळ सरकत राहिली. ई-आधारच्या फाइलला पासवर्ड असतो खरा. पण नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मसाल एवढाच तो असल्यामुळे ओळखीच्या माणसाला तो सहज सुचतो, आणि बहुतेक गिऱ्हाइके तर फाइलखालीच तो टाइप करून पाठवतात.

दुकानदार सज्जन आहेत. त्यांच्याकडे वाईट हेतू मुळीच नाही, फक्त त्यांच्या संगणकाला विसरणे ठाऊक नाही. फाइल काढून टाकली तरी ती आधी रिसायकल बिनमध्ये जाते, आणि तिथूनही काढली तरी साध्या हार्ड डिस्कवर पुसली जाते ती बहुधा तिची नोंद. मूळ मजकूर त्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तसाच पडून असतो आणि तो परत मिळवून देणारी सॉफ्टवेअर फुकटात उपलब्ध आहेत.

विसरण्याच्या या एका गुणासाठी मला टेल्स (Tails) ही ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे विंडोजसारखी संगणक चालवणारी प्रणाली, मनापासून आवडते. तिच्या नावातले 'ए' हे अक्षर 'अम्नेसिक', म्हणजे 'विसरभोळी', या इंग्रजी शब्दाचे आहे आणि ते तिने सार्थ केले आहे. डेबियन लिनक्स या मुक्त प्रणालीवर आधारलेली टेल्स 2009 पासून विनामूल्य मिळते आणि 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर मावते. संगणक सुरू करताना पेनड्राइव्हवरून सुरू होण्याचा पर्याय निवडला, की ती संगणकाच्या तात्पुरत्या मेमरीत (रॅममध्ये) उभी राहते आणि आतल्या हार्ड डिस्कला आपण सांगितल्याशिवाय हात लावत नाही. काम झाल्यावर संगणक बंद करताना ती मेमरीही पुसून काढते. घाई असेल तर चालू संगणकातून पेनड्राइव्ह नुसता उपसून काढावा. पडदा काळा होतो आणि सगळे जागच्या जागी बंद पडते. पहिल्यांदा हे करताना माझा हात थबकला होता, कारण पेनड्राइव्ह असा ओढून काढू नये हेच आपल्याला इतकी वर्षे सांगितले गेले आहे. काही जपून ठेवायचेच असेल, तर त्याच पेनड्राइव्हवर पासवर्डने कुलूपबंद केलेला वेगळा कप्पा करता येतो.

टेल्समधून इंटरनेटवर जाणारी प्रत्येक जोडणी टॉरच्या, म्हणजे ओळख लपवण्यासाठी ती अनेक संगणकांमधून फिरवत नेणाऱ्या, जाळ्यातून जाते. अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत 1990 च्या दशकात आकाराला आलेली ही कल्पना कांद्याच्या पापुद्र्यांसारखी आहे: तीन थांब्यांपैकी पहिल्याला आपण कोण हे कळते, शेवटच्याला कुठे जायचे हे कळते, आणि दोन्ही गोष्टी एकाच थांब्याला कळत नाहीत. अमेरिकी गुप्तचर यंत्रणेसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेन यांनी 2013 मध्ये सरकारी पाळतीची कागदपत्रे पत्रकारांच्या हाती दिली, तेव्हा या देवघेवीत टेल्स वापरली गेली होती. पण ती केवळ अशा जोखमीच्या कामांसाठी आहे हा समज मला पटत नाही. घरातल्या कोणाच्या आजाराविषयी वाचताना, त्या आजाराच्या जाहिराती पुढे महिनाभर आपल्या मागे लागू नयेत एवढी अपेक्षा कोणाही माणसाची असू शकते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला, तो तुमच्या-माझ्यासारख्यांसाठीही आहे.

अर्थात, टेल्स आपल्या चुका झाकत नाही. तिच्यात बसून आपल्याच नावाच्या ईमेल खात्यात शिरलो, तर ते खाते चालवणाऱ्याला आपण कोण हे लगेच कळते. बँकेचे व्यवहार मी तिच्यावरून करत नाही, कारण टॉरमुळे परदेशातल्या भलत्याच पत्त्यावरून आलेली जोडणी पाहून बँक खाते अडवू शकते. फोटोच्या पोटात दडलेली जागेची आणि वेळेची माहिती काढून टाकण्याचे साधन टेल्समध्ये आहे, पण ते आठवणीने आपणच वापरावे लागते.

कागदपत्रांचे काम मी आता घरीच, जुन्या लॅपटॉपवर टेल्स सुरू करून उरकतो आणि छापायला नेतो ते शक्य तिथे मास्क्ड आधार, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. दुकानदारांनाही मी ते कसे उतरवून घ्यायचे ते दाखवले, तेव्हा त्यांनी सर्वात आधी स्वतःच्या मुलीचे काढून घेतले. रोज रात्री फोल्डर रिकामे करायचे त्यांनी कबूल केले आणि ते पाळलेही. मागच्या आठवड्यात गेलो तेव्हा त्यात फक्त त्या दिवशीच्या नऊ फायली होत्या. मग त्यांनी स्वतःहून फोन काढून गॅलरी उघडली, तर गिऱ्हाइकांनी काढून पाठवलेले कार्डांचे फोटो वर्षभर मागेपर्यंत तिथे साठलेले होते. काउंटरवर गर्दी असूनही त्यांनी एकेक निवडून ते पुसायला सुरुवात केली.